एक जागा, वीस मिनिटं: साताऱ्यात निसर्गाजवळ गप्प बसायचं कसं

साताऱ्यात राहणाऱ्याला निसर्ग शोधत हिंडावं लागत नाही. मागे अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, उत्तरेला वेण्णा. तरीही आपल्यापैकी बहुतेकांचा निसर्ग रविवारपुरता असतो. गाडी काढायची, ठोसेघर किंवा बामणोली गाठायची, फोटो, गरम कणीस, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. त्यात वाईट काहीच नाही, कणीस मलाही आवडतं. पण सोमवारी सकाळी डोकं पुन्हा होतं तसंच गच्च झालेलं असतं.

या लेखात सांगतोय ती गोष्ट वेगळी आहे आणि फुकट आहे. घराजवळची एक साधी जागा धरायची, तिथे पुन्हा पुन्हा जायचं, वीसेक मिनिटं हालचाल न करता बसायचं आणि समोर जे चाललंय ते बघायचं. ध्यानाला बसतात तसे डोळे मिटायचे नाहीत, मंत्र नाही, श्वास मोजायचा नाही. डोळे आणि कान उघडे ठेवायचे, एवढंच. वर्षातून दोनदा कासला जाणाऱ्यापेक्षा आठवड्यातून चार-पाच वेळा कॉलनीतल्या एका करंजाखाली बसणाऱ्याची निसर्गाशी जास्त ओळख होते, असं माझं ठाम मत आहे. ओळख व्हायला सारखी भेट लागते, मग ती माणसाशी असो की झाडाशी.

किती वेळ द्यायचा हे विचाराल, तर एक आकडा सांगण्यासारखा आहे. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हा वेळ एका दमात काढला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. निसर्गात गेल्यामुळे बरं वाटतं की मुळात बरं वाटणारी माणसंच जास्त बाहेर पडतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. पण वीस मिनिटं गुणिले सहा दिवस म्हणजे १२०, आणि एवढं तर कुणालाही जमावं.

जागा धरणं

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण जागा चुकली की आठवड्याभरात उत्साह मावळतो.

पहिली कसोटी अंतराची. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत. गाडी काढावी लागली की ती सहल झाली, आणि सहल रोज होत नाही. शाहूपुरीत राहणाऱ्याने महादरेच्या वाटेचा विचार करावा. तिथलं जंगल फुलपाखरांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं आहे, आणि पावसाळा ओसरल्यावर तिथे बसणं म्हणजे चैन आहे. गोडोलीकरांना तळ्याचा काठ आहे. ‘चार भिंती’ या स्मारकाकडे फिरायला जाणाऱ्यांनी मुख्य वाट सोडून थोडं बाजूला बघावं. माहुलीच्या आसपास राहत असाल तर तुमचा हेवा वाटतो: कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, आणि पाण्यावर टपून बसलेला खंड्या.

दुसरी कसोटी काठाची. दोन वेगळ्या गोष्टी जिथे एकमेकींना भिडतात तिथे हालचाल जास्त. शेत आणि बांध, गवत आणि झुडपं, पाणी आणि चिखल, कॉम्पाउंडची भिंत आणि तिच्या फटीतून उगवलेला पिंपळ. नुसत्या मोकळ्या माळाच्या मधोमध बसलात तर तुम्ही सगळ्यांना दिसता आणि तुम्हाला कुणीच दिसत नाही. माळाच्या कडेला, एखाद्या बोरीच्या किंवा घाणेरीच्या जाळीला पाठ देऊन बसलात तर चित्र उलटं होतं.

तिसरी गोष्ट, पाठ टेकायला काहीतरी हवंच. झाडाचा बुंधा, बांधाचा दगड, पारावरचा कठडा. पाठ दुखायला लागली की लक्ष पाठीकडेच जातं.

जागा देखणी असलीच पाहिजे असं नाही. उलट फार देखणी नको. देखण्या जागी माणसं येतात, आणि आपलंही मन ‘व्वा’ म्हणून मोकळं होतं, पुढे बघत नाही. गटारीच्या कडेचा उंबर, बंद पडलेल्या विहिरीभोवतीचं रान, प्लॉटिंग होऊन पडून राहिलेली जमीन, या फार चांगल्या जागा असतात. फक्त मालकाला विचारा. शेत असेल तर नक्कीच विचारा. “काका, सकाळी थोडा वेळ बांधावर बसलो तर चालेल का?” म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही, चहा मात्र प्यावा लागतो.

घराबाहेर पडणं शक्यच नसेल, म्हणजे गुडघे धरलेत, घरात तान्हं मूल आहे, आजारपण आहे, तर गच्ची किंवा खिडकीही चालते. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. खिडकीतून निदान एक झाड आणि थोडं आकाश दिसेल असं बघा. साताऱ्याच्या आकाशात घार असतेच.

वेळ आणि तयारी

सकाळ उत्तम. पण ‘सकाळ’ म्हणजे घड्याळातली नव्हे, तुमच्या जागेवरची. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर, म्हणजे शहराच्या बाजूला, हिवाळ्यात ऊन उशिरा पोचतं, कारण सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि डोंगर मध्ये येतो. पाखरांची लगबग ऊन शेंड्याला लागलं की वाढते. डिसेंबरात त्या बाजूला साडेसातला जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, त्याच वेळी माहुलीच्या घाटावर मात्र नाटक सुरू झालेलं असतं. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन आपल्या जागेचं वेळापत्रक काढा. संध्याकाळी जमणार असेल तर सूर्यास्ताआधी तासभर धरा आणि अंधाराआधी उठा.

तयारी थोडकी. खाकी, मातकट, हिरवट असे कपडे. अत्तर, बॉडी स्प्रे नको, त्याचं कारण पुढे सांगतो. बसायला बसकर किंवा जुनं पोतं. पाण्याची बाटली. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल, कारण पावसात पेनाची शाई पसरते. मोबाइल बरोबर असावा, पण विमान मोडवर आणि पिशवीच्या तळाशी. दुर्बीण असेल तरी पहिला महिना घरी ठेवा. दुर्बीण हातात आली की माणूस पक्षी शोधायला लागतो, आणि आपल्याला सध्या शोधायचं काही नाही.

पहिली वीस मिनिटं

बसलात की सुरुवातीला शांतता पसरते, आणि ती तुमच्यामुळे असते. तुम्ही चालत आलात तेव्हा सातभाईंनी कलकलाट केला, खार झाडावर चढली, सरडा आडोशाला गेला. आता सगळे तुमच्यावर नजर ठेवून आहेत. हा काळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि नवखे लोक बरोबर इथेच उठतात. “काही दिसलं नाही” म्हणतात. दिसणार कसं? पडदा वर जायच्या आतच थिएटरबाहेर पडलात की!

या वेळात काय करायचं ते सांगतो. आधी कान. सगळ्यात जवळचा आवाज कोणता? अंगावरून गेलेली माशी असेल. मग त्याच्या पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा, असं करत सगळ्यात लांबच्या आवाजापर्यंत जा. साताऱ्यात तो बहुतेक वेळा पुणे-बेंगळुरू महामार्गाचा घरघराट असतो. त्यावर वैतागू नका, तोही मोजा. ज्या आवाजाची तक्रार आपण सोडून देतो, तो थोड्या वेळाने आपोआप मागे पडतो.

मग डोळे. नेहमी आपण एका बिंदूवर बघतो: मोबाइल, रस्ता, समोरचा चेहरा. इथे नजर सैल सोडायची. मान सरळ, समोर कुठेतरी लांब बघायचं, आणि डाव्या-उजव्या कडेला काय हलतंय ते मान न वळवता टिपायचं. असं बघताना रंग आणि बारकावे कमी दिसतात, पण हालचाल पटकन कळते. पान पडतं, फांदी एकदा जास्तच हलते, गवतात एक रेघ सरकते. तिथे मग नजर न्यायची, बघायचं, आणि पुन्हा सैल सोडायची.

मन भरकटणारच. गॅसचा नंबर लावायचा राहिला, हप्ता भरायचाय, काल अमका असं का बोलला. मनाला ओढून आणायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा समोरच्या गोष्टीबद्दल एक बारीक प्रश्न विचारा. ही मुंगी रिकामी चालली आहे की काही घेऊन? वारा कुठल्या बाजूने येतोय? त्या फांदीवरची सगळी पानं एकाच दिशेने का वळलीत? प्रश्न खरा असेल तर मन आपणहून उत्तर शोधायला येतं. ‘मन एकाग्र करा’ या उपदेशाने मला तरी आजवर कधी एकाग्र केलेलं नाही. मुंगीने मात्र केलंय.

पंधरा मिनिटांनंतर बदल जाणवतो. आधी बुलबुल बोलतो. शिंपी ‘टुविट टुविट’ करत खालच्या झुडपात शिरतो. नाचण शेपटीचा पंखा उघडत तुमच्यापासून दोन हातांवर येऊन माशी पकडतो, कारण आता तुम्ही त्याच्या हिशोबी दगड आहात. हे व्हायला लागलं की समजा, जागेने तुम्हाला घेतलं.

आता पुढचं शिक्षण आवाजांचं. रोजचं बोलणं आणि धोक्याची हाक यांतला फरक शिकायला पुस्तक लागत नाही. खार शेपूट झटकत एकसारखी ‘चिक चिक चिक’ करत राहिली, तर खाली मांजर किंवा साप बघा. साळुंक्या, बुलबुल आणि सातभाई मिळून एकाच झुडपाभोवती घसा फोडून ओरडत असतील, तर त्या झुडपात हमखास कुणीतरी आहे, कधी घुबड, कधी धामण. आणि भर कलकलाटात एकदम सगळं चिडीचूप झालं तर वर बघा. शिक्रा आलेला असतो. ज्या दिवशी तुम्ही न बघता नुसत्या आवाजावरून “मांजर आली” म्हणाल आणि खरंच मांजर निघेल, त्या दिवशीचा आनंद पगारवाढीच्या जवळपासचा असतो.

एकच गोष्ट, अगदी जवळून

दर वेळी सगळंच बघायला जाऊ नका. दोन-तीन आठवडे झाले की एक गोष्ट निवडा आणि तिच्याच मागे लागा. माझी शिफारस उंबराची, कारण तो साताऱ्यात गल्लोगल्ली सापडतो, एखाद्या दत्ताच्या देवळामागे तर असतोच.

उंबराची फळं फांद्यांच्या टोकांना लागत नाहीत, बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर घोसाने फुटतात. त्यामुळे बसल्या जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवर दिसतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरं तर बंद थैली आहे आणि फुलं तिच्या आत आहेत. म्हणून उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. थैलीच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यावर खवल्यांचं झाकण. एवढ्याशा वाटेने मादी गांधीलमाशी आत घुसते. गांधीलमाशी म्हटल्यावर दचकू नका, ही मिलिमीटरच्या हिशोबातली, चिलटाएवढी असते आणि आपल्याला काही करत नाही. आत शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. ती बरोबर आणलेला परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीतून बोगदा पोखरतात आणि मरतात. त्या बोगद्यातून माद्या परागकण घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हातात एखाद-दुसरा दिवस असतो, तेवढ्यात दुसरा योग्य अवस्थेतला उंबर गाठायचा.

हे सगळं वाचून समजतं, पण बघून कळतं. फळं हिरवी असताना एखादं निवडा, फांदीला सैलसा दोरा बांधा म्हणजे तेच सापडेल. रोज बघा. एके सकाळी फळांवर बारीक काळे ठिपके हलताना दिसतील, त्या बाहेर पडणाऱ्या माद्या. त्याच सुमाराला मुंग्याही तिथे गस्त घालतात आणि भोकाच्या तोंडाशी माद्यांना पकडतात. तांबड्या, पानं जोडून घर करणाऱ्या मुंग्या असतील तर शिकार अगदी स्पष्ट दिसते. मग फळं लाल होतात आणि गर्दी बदलते. तांबट, बुलबुल, कोकीळ, आणि नशीब असेल तर हरियाल, आपल्या राज्याचा पक्षी. पानांच्या रंगात तो इतका मिसळतो की पंखांचा फडफडाट झाल्यावरच पन्नास पानं उडाल्याचा भास होतो. रात्री वटवाघळं येतात. सकाळी खाली पडलेल्या फळांवर फुलपाखरं बसलेली असतात, सोंड खुपसून.

एवढ्याशा फळाने किती जणांचं पोट बांधलंय हे एक हंगामभर पाहिलेला माणूस पुन्हा उंबराखाली गाडी लावताना वर बघतो. ‘निसर्गाशी नातं’ वगैरे मोठे शब्द वापरतात त्याचा मला लागलेला अर्थ इतकाच आहे.

उंबर नसेल तर दुसरं काही. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा किंवा काटेसावर, ज्यावर मध प्यायला कोतवालापासून कावळ्यापर्यंत सगळे येतात. सूर्यपक्ष्याचं घरटं, जे कोळ्याच्या जाळ्यांनी आणि कचऱ्याने विणलेलं लोंबतं असतं. किंवा नुसता एक कोळी. कोळ्याला कमी लेखू नका, पहाटे जाळं दुरुस्त करणारा कोळी वीस मिनिटं बघणं ही फार समाधानाची गोष्ट आहे.

वही

बसताना लिहायचं नाही, उठायच्या आधी लिहायचं. चार-पाच ओळी पुरतात. तारीख, वेळ, ढग, वारा, काय दिसलं, काय ऐकलं, आणि एक प्रश्न. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: ‘चिमणीहून लहान, गळा पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं’. नंतर कळेल की हा चष्मेवाला. नाव आधी कळलं की बघणं थांबतं, असा अनुभव आहे. म्हणून ओळख पटवणारी मोबाइल ॲप घरी येऊन वापरा, बसल्या जागी नको.

चित्र काढा, वेडंवाकडं का होईना. पानाचं चित्र काढताना पहिल्यांदा लक्षात येतं की त्याची कड करवती आहे.

तारखेबरोबर नक्षत्रही लिहा अशी माझी सूचना आहे. आपल्याकडे शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा असं पावसाचं गणित मांडतो. मृग ७ जूनच्या आसपास लागतो. तुमच्या जागेवर पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, काजवे कधी दिसले, पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती कधी उडाली, हिवाळी पाहुणा धोबी वेण्णेच्या काठावर कधी शेपटी हलवायला लागला, हे दोन-तीन वर्षं नोंदवलंत तर तुमच्याकडे जे पंचांग तयार होतं ते बाजारात मिळत नाही. कावळ्याने घरटं झाडाच्या शेंड्याला बांधलं की खाली, यावरून पावसाचा अंदाज सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. हसू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. वहीत लिहा, पाऊसही लिहा, आणि काही वर्षांनी ताळा करून बघा.

कासला जायचंच असेल तर

जा की. पण रविवारी नाही. हंगामात, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आधी ऑनलाइन नोंदणी करून आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळची वेळ घ्या. कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, उंची साधारण १२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत ते आहे.

तिथे ‘गालिचा’ बघायला सगळे जातात. तुम्ही ठरलेल्या वाटेच्या कडेला थांबा आणि वीतभर जागा बघा. खाली जांभा दगड, त्यावर बोटभर माती, तिच्यात पोषण जवळजवळ नाही. म्हणून इथल्या काही वनस्पतींनी मांसाहार पत्करलाय. निळी-जांभळी सीतेची आसवं गोड दिसतात, पण त्यांच्या मुळाशी, ओल्या मातीत, बारीक पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला की ती त्याला पाण्यासकट आत ओढते. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब चमकतात, त्यात अडकलेलं चिलट बहुतेक वेळा दिसतंच. गुडघ्यावर बसून पाच मिनिटं एवढंच बघितलं तरी तिकिटाचे पैसे वसूल. फुलांच्या आत शिरून फोटो काढणाऱ्यांना काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ती पायाखाली तुडवली, तर त्या झुडपाची सात वर्षांची तयारी मातीत जाते.

लोक, पोरं आणि प्रश्न

एकट्याने गप्प बसलेला माणूस आपल्याकडे संशयास्पद असतो. “काय पावनं, कुणाची वाट बघताय?” हा प्रश्न येणारच. “पाखरं बघतोय” एवढं सरळ सांगा. निम्मे लोक हसून जातात. उरलेल्यांतला एखादा गुराखी मामा शेजारी टेकतो आणि म्हणतो, “ती टिटवी ओरडतीया न्हवं, तिची अंडी त्या खडकाळीत हायती, तिकडं जाऊ नगासा.” ही माहिती कुठल्याही ॲपमध्ये नाही. रानभाज्या खुडणाऱ्या मावश्यांना तर कुठल्या पावसानंतर कुठली भाजी कुठे उगवते हे घराच्या कोपऱ्यांइतकं पाठ असतं. त्यांच्याशी बोला. त्या दिवशीचं गप्प बसणं गेलं तरी चालेल.

बायकांसाठी एकटीने बसणं इतकं सोपं नाही, हे मान्य केलं पाहिजे. मैत्रीण किंवा जाऊबाई बरोबर घ्या, दहा पावलांच्या अंतरावर वेगवेगळ्या बसा, बोलणं नंतर.

मुलांना वीस मिनिटं बसवू नका, छळ होईल. पाच मिनिटं, आणि हातात काम द्या: दहा बोटं पुढे धर, नवा आवाज आला की एक बोट मिटव. दहा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. आजोबांबरोबर पैज लावली की हा खेळ जास्त रंगतो.

काही शिष्टाचार आहेत. घरट्याजवळ जाऊ नका, त्याचा फोटो स्टेटसला ठेवून जागा तर मुळीच सांगू नका. पक्ष्यांना बोलवायला मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नका, विणीच्या काळात ते बिचारे शत्रू आला समजून लढायला येतात. माकडांना खायला देऊ नका.

सांभाळून

बसण्याआधी काठीने जागा ठोका आणि दगड उचलायचा झाल्यास हाताने नको. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. फुरसं लहान असतं, खडकाळ माळावर दगडाच्या आडोशाला राहतं आणि अंग अंगावर घासून खरखर आवाज करतं. असा आवाज आला तर हलू नका, बघा, मग मागे सरका. चावा झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता १०८ ला फोन करून थेट दवाखाना.

गडाच्या कड्यावर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर नको म्हटलं ते यासाठी. धूर करू नका. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून पळा, बंद गाडी किंवा खोली गाठा.

उसाच्या फडाच्या कडेला पहाटे आणि तिन्हीसांजेला बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतो. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की पठार सोडून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

सांगलीकडच्या वाचकांसाठी एक खास सूचना. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. नदी बघायची ती घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून, गाळाच्या काठावर पाय सोडून नव्हे. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावरही तेच. जंगल हवं असेल तर तुमच्याकडे सागरेश्वर आहे, माणसांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य.

आणखी एक. या बसण्याने हलकं वाटतं, झोप सुधारते असं पुष्कळ जण सांगतात. पण उदासी आठवडे न् आठवडे हटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर झाडावर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

जागा हातची जायला लागली तर

वर्ष-दोन वर्षं एका जागी बसलात की हा प्रसंग येण्याची शक्यता बरीच आहे. एके दिवशी झाडावर नगरपालिकेची नोटीस चिकटवलेली दिसते, किंवा प्लॉटवर जेसीबी उभा असतो. अशा वेळी हळहळण्यापेक्षा वही उघडा.

शहरी भागात झाड तोडायला महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते. परवानगी दाखवा असं विचारायला लाजू नका. नोटीस असेल तर तिच्यावरची तारीख आणि हरकतीची मुदत बघा, नोटिशीचा आणि झाडाचा फोटो काढा. मुदतीच्या आत वृक्ष प्राधिकरणाच्या नावे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकतीत भावना कमी, नोंदी जास्त. झाडाची जात, बुंध्याचा घेर, ते कुठे उभं आहे, कुठल्या महिन्यांत कुणाची घरटी होती, फळं कधी धरतात, कोण कोण येऊन खातं. “झाड वाचवा” असं म्हणणारे अर्ज फार येतात. “अमक्या तारखेपासून या उंबरावर तांबटाची ढोली असून पिल्लं आत आहेत” असं लिहिलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं. झाड वाचेलच असं नाही. पण पिल्लं उडेपर्यंत तोड पुढे ढकला, किंवा पूर्ण तोडण्याऐवजी फांद्या छाटा, एवढी मागणी तरी पुराव्यानिशी करता येते. अर्जावर सही करताना त्या गुराखी मामांना आणि मावश्यांनाही बोलवा.